कोरडे पाय, शिल्लक भूक: परक्या शहरात पावसाच्या दिवशी दोघांनी खाण्यापिण्याचा बेत कसा आखावा

सुट्टीतल्या मोजक्या दिवसांपैकी एक दिवस पावसात सापडला की बहुतेक जोडपी दोनपैकी एक चूक करतात. एक तर यादीतली सगळी ठिकाणं हट्टाने करत सुटतात आणि दुपारपर्यंत चिंब भिजून एकमेकांवर वैतागतात. नाही तर दिवसभर खोलीत बसतात आणि संध्याकाळी जे मिळेल ते मागवून खातात. खरं तर निवांत खाण्यापिण्यासाठी इतका चांगला दिवस सुट्टीत दुसरा मिळत नाही. बाहेर काही बुडत नसतं, घाई नसते आणि वाफाळत्या वाटीची चव अशा हवेत जास्तच लागते.

मात्र दिवसभर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाय कोरडे राहिले पाहिजेत आणि भूक शिल्लक राहिली पाहिजे. पाय भिजले की तासाभरात उत्साह संपतो, आणि अकरा वाजताच पोट भरलं तर पुढचं शहर नुसतं बघायचं उरतं.

आधी ओळखा: सर आहे की झड

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे हवामानाच्या अॅपमधलं रडार उघडणं. ‘पावसाची शक्यता ८० टक्के’ या आकड्यावरून दिवस आखता येत नाही. रडारच्या नकाशात ढगांचे पट्टे कुठून कुठे सरकताहेत आणि मधे मोकळी जागा आहे का ते दिसतं. पट्टे तुटक असतील तर सरी आहेत: वीस-तीस मिनिटं कोसळणार, मग उघडीप. अशा दिवशी चालणं उघडिपीत आणि बसणं सरीत, एवढं जमवलं की झालं. सलग मोठा पट्टा शहरावर ठाण मांडून असेल तर झड आहे. मग एकाच छपराखाली जितका जास्त वेळ काढता येईल तितका काढायचा.

जोरही बघा. तासाला अडीच मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, छत्रीत आरामात चालता येण्याजोगा. साडेसात मिलिमीटरच्या पुढे गेला की छत्री फक्त डोकं वाचवते. गुडघ्याखालचं सगळं भिजतं.

नकाशावर एक छोटं वर्तुळ

एरवी आपण आधी ठिकाण निवडतो आणि मग तिथे कसं पोहोचायचं ते बघतो. पावसात हे उलटं करा. आधी भाग निवडा, मग त्या भागातलं खाणं. नकाशावर असा भाग शोधा जिथे एकमेकांपासून पाच मिनिटांच्या आत चार-पाच खायची ठिकाणं आहेत आणि जवळ मेट्रो किंवा ट्रामचं स्टेशन आहे. कोरड्यात पाच मिनिटांत साधारण चारशे मीटर होतात. छत्री, डबकी आणि गर्दी सांभाळत तेच अंतर आठ मिनिटं खातं. म्हणून दोन थांब्यांमधलं अंतर चारशे मीटरच्या वर जाऊ देऊ नका.

झाकलेला बाजार, जुन्या इमारतींच्या कमानीखालचे रस्ते, मोठ्या स्टेशनातली खाऊगल्ली, संग्रहालयातलं कॅफे, मोठ्या दुकानांच्या तळमजल्यावरचे खाद्यविभाग हे पावसाळी दिवसाचे आधार. यातलं एक तरी वर्तुळात असू द्या. संग्रहालयाच्या कॅफेत जायला काही ठिकाणी तिकीट लागतं, काही ठिकाणी लागत नाही; आणि बरीच संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात. या दोन गोष्टी निघण्याआधी बघून घ्या.

आता दोघांचा प्रश्न. दिवसाचे पाच थांबे धरले तर प्रत्येकाने दोन निवडावेत आणि पाचवा रिकामा ठेवावा, वाटेत खिडकीतून काही आवडलं तर त्यासाठी. शिवाय प्रत्येकाला एक नकार, कारण न सांगता. हे सकाळीच ठरलं की भर पावसात फुटपाथवर उभं राहून ‘तुला काय हवं?’ ‘तू सांग’ हा खेळ होत नाही.

पाय आणि पिशवी

दोघांत एक मोठी छत्री ही कल्पना गोड आहे, पण व्यवहारात दोघांचाही बाहेरचा खांदा भिजतो. घडीची साधी छत्री उघडल्यावर ९० ते १०० सेंटिमीटर रुंद होते. दोघांना निदान १२० तरी हवेत, आणि तेवढी छत्री गर्दीच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धडकते. दोन लहान छत्र्या घ्या. वारा असेल तर टोपीचं रेनजॅकेट जास्त कामाचं.

जीन्स भिजली की दिवसभर सुकत नाही, म्हणून पातळ सिंथेटिक कापडाची पँट. मोजे शक्यतो लोकरीचे. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि पाय गार पडतात. झिपच्या प्लास्टिक पिशवीत दोघांचा एकेक कोरडा मोजेजोड टाका. पिशवीत आणखी एक छोटा टॉवेल, ओल्या छत्र्यांसाठी दोन प्लास्टिक पिशव्या, ३०-४० ग्रॅम बदाम-अक्रोड किंवा शेंगदाणे, आणि पाण्याची बाटली. दाणे अशासाठी की दोघांपैकी एकाला नेहमी आधी भूक लागते आणि कुरबूर तिथूनच सुरू होते.

ओल्या हवेत फोन विचित्र वागायला लागतो. काचेवर थेंब पडला की स्क्रीनला ते बोट वाटतं, कारण तो विजेच्या सूक्ष्म बदलावरून स्पर्श ओळखतो. नकाशा आपोआप सरकतो, नको तिथे बटण दाबलं जातं. म्हणून प्रत्येक थांब्यावर बसल्या बसल्याच पुढचा रस्ता बघून लक्षात ठेवा आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. चार्जिंगचं भोक ओलं असताना केबल लावू नका. फोन तांदळात पुरण्याचा उपायही नको. दाण्यांची भुकटी आत जाऊन बसते. भोक खाली करून हलकेच झटका आणि वाऱ्यावर ठेवा.

सकाळ: फुकटच्या नाश्त्याचा मोह

हॉटेलच्या भाड्यात नाश्ता असेल तर दिवसाची निम्मी भूक तिथेच जाते. पाच पदार्थ ताटात, वर दोन ग्लास ज्यूस, आणि मग अकरा वाजता बाजारात उभं राहून नुसतं बघायचं. एक अंडं किंवा वाटीभर दही, एक फळ, एक कप चहा किंवा कॉफी, बस. दोन-अडीच तास पुरतं आणि अकरापर्यंत पुन्हा खावंसं वाटतं. उपाशी मात्र निघू नका. उपाशीपोटी माणूस पहिल्या दुकानातच पोटभर खातो.

अकराच्या सुमारास: झाकलेला बाजार

बाजारात शिरल्यावर पहिली फेरी काहीही न घेता मारा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. कुठे स्थानिक माणसांची रांग आहे, कुठे माल समोर बनतोय, कुठे तोच पदार्थ सकाळपासून काचेआड ठेवलाय, हे या फेरीत कळतं. दुसऱ्या फेरीत तीनच गोष्टी घ्या, प्रत्येक गोष्ट एकच, दोघांत. सुट्टे पैसे जवळ ठेवा. मासळीच्या ओळीत फरशी कायम ओली असते. गुळगुळीत तळव्याचे बूट तिथे हमखास घसरतात.

पावसात खाण्याच्या सुरक्षिततेकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून पदार्थ एक तर वाफ निघेल इतका गरम हवा, नाही तर बर्फावर थंडगार. कोमट ठेवलेलं, उघड्यावर कापून ठेवलेली फळं, जमिनीलगत मांडलेले पदार्थ टाळा; रस्त्यावरचे शिंतोडे खाली ठेवलेल्या वस्तूंवरच उडतात. शहरात पाणी साचलं असेल तर त्या दिवशी बंद बाटलीतलंच पाणी प्या आणि सुट्टा बर्फ नको म्हणून सांगा.

कुरकुरीत पदार्थ तिथेच उभ्याने खा. डब्यात बंद केला की त्याचीच वाफ झाकणावर साचते, थेंब होऊन परत खाली पडते आणि दहा मिनिटांत वरचं आवरण चामट होतं. पार्सल घ्यायचंच असेल तर कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून.

दुपारचं जेवण हेच मोठं जेवण

मोठं जेवण रात्री ठेवण्याची सवय पावसाच्या दिवशी मोडा. बऱ्याच शहरांत दुपारी ठरावीक थाळीसारखा मेनू रात्रीपेक्षा स्वस्त मिळतो. रात्री पाऊस वाढला तर वाहन मिळणं अवघड होतं. आणि दुपारी जड जेवल्यावर ते जिरवायला सगळी संध्याकाळ हातात असते.

वेळ मात्र जपा. पाऊस आला की बाहेरची टेबलं बाद होतात, म्हणजे आतल्या जागेवर सगळ्यांची धाव. त्यात घरपोच ऑर्डरींनी स्वयंपाकघर दबलेलं असतं, त्यामुळे जागा मिळाली तरी ताट उशिरा येतं. जेवायची वर्दळ सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं पोहोचा, किंवा सरळ पावणेदोननंतर जा. उशिरा जाताना स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते विचारा. दारावरच्या पाटीतली वेळ हॉटेल बंद होण्याची असते, शेवटची ऑर्डर तिच्या आधी घेतात. युरोपातल्या अनेक शहरांत दुपारनंतर स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंदच असतं, आणि हे माहीत नसलं की तीन वाजता भर पावसात उपाशी फिरायची वेळ येते.

टेबल मागताना दारापासून लांबचं मागा. दाराजवळ प्रत्येक येणाऱ्याबरोबर गार झोत आत येतो आणि छत्र्या तिथेच निथळत असतात. एसीचा झोत थेट अंगावर येत नाही ना तेही बघा. ओल्या कपड्यांत तो फार झोंबतो.

दोघांसाठी चांगली ऑर्डर म्हणजे एक सूप, एक सुरुवातीचा पदार्थ, एक मुख्य पदार्थ आणि एक गोड, सगळं वाटून. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे सगळं एकदम मागवलं की हमखास जास्त होतं. ऑर्डर देतानाच सांगा की एकेक पदार्थ आणा आणि दोन रिकाम्या ताटल्या द्या. सूप दोन वाट्यांत अर्धं-अर्धं करून आणायला सांगितलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. ठरावीक मेनू वाटून खाण्याची परवानगी काही ठिकाणी नसते, तेवढं आधी विचारा. खाणं सुरू करण्यापूर्वीच पदार्थ मधोमध कापा. कडेचा खरपूस भाग कुणाच्या वाट्याला गेला यावरून चेहरे उतरतात, आणि आधी कापलं की तो प्रश्न येत नाही.

दोघांपैकी एक शाकाहारी असेल तर इथे सगळ्यात जास्त फसगत होते. भाज्यांचं सूप बऱ्याच ठिकाणी कोंबडीच्या किंवा मासळीच्या पाण्यात शिजवतात. तळण एकाच कढईत होतं. इटलीचं पारमिजानो रेज्जानो चीज नियमानुसार वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या रसाने) बनतं, म्हणजे ते किसून घातलेला पदार्थ काटेकोर शाकाहारी माणसाला चालत नाही. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातडीतून काढलेलं जिलेटिन असू शकतं. ‘मांस आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही; ‘हे कशाच्या पाण्यात शिजवलंय, कशात तळलंय?’ असं विचारा. अॅलर्जी असेल तर तिथल्या भाषेत लिहिलेलं एक वाक्य फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवा. नेट नसलं तरी दाखवता येतं.

उठण्याआधी दोघांनीही बाथरूमला जाऊन या. सूप, चहा, पाणी असं दिवसभर पोटात जात असतं आणि पावसात रस्त्यावर सोय शोधणं हाल असतात.

साडेतीन ते पाच: कॉफी आणि एकच केक

जेवणानंतर लगेच कॅफेत बसू नका. मधे तासभर संग्रहालय, पुस्तकांचं दुकान किंवा कमानीखालून फेरफटका. मगच केकची चव लागते.

कॅफिनचा हिशोब इथे ठेवावा लागतो, कारण पावसात दर थांब्यावर हात कपाकडेच जातो. एका एस्प्रेसोत साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, २४० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ९५ च्या आसपास, तेवढ्याच काळ्या चहात ४५ ते ५०. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर स्त्रीने २०० च्या आत राहावं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलंय. कॅपुचिनोत दूध जास्त म्हणून कॉफी कमी असं समजू नका. खाली एस्प्रेसोच असतो, बऱ्याचदा दुहेरी. अर्धं कॅफिन शरीरातून जायला पाच तास लागतात, म्हणून शेवटची कॉफी चारच्या आत आणि पुढे हॉट चॉकलेट किंवा हर्बल चहा.

कप आला की लगेच ओठाला लावू नका. ६५ अंशांच्या वर तोंड भाजतं आणि चव कळत नाही. चार-पाच मिनिटं थांबलात की कॉफीतला आंबटगोडपणा वर येतो. एवढ्या वेळात ओली जॅकेटं खुर्चीच्या पाठीवर पसरून होतात. केक एकच, चमचे दोन. दोन वेगळे घेतलेच तर लिंबाचा किंवा फळांचा आधी, चॉकलेटचा नंतर. चॉकलेटनंतर फळांची चव नुसती आंबट लागते.

दीड तास बसणार असाल तर तासाभराने काही तरी पुन्हा मागवा, आणि चौघांचं टेबल अडवू नका. पावसात बाहेर लोक उभे असतात.

पाच ते सात: खोलीवर परत

हा थांबा गाळायचा मोह होतो, गाळू नका. बुटातले इनसोल काढून वेगळे ठेवा आणि बुटात वर्तमानपत्राचे चुरगळलेले गोळे पार टोकापर्यंत कोंबा. तासाभराने ते ओले झाले की बदला. हीटरला चिकटवून किंवा ड्रायरच्या कडक झोतात बूट सुकवले तर तळव्याचा गोंद सुटतो आणि चामड्याला भेगा पडतात. गरम पाण्याची अंघोळ, कोरडे कपडे, अर्धा तास आडवं. संध्याकाळच्या आरक्षणाचा फोनही आत्ताच करा. पावसाने बाहेर पडायचा कंटाळा आलेले लोक याच वेळेस आपली टेबलं सोडतात, आणि दोघांची जागा सगळ्यात सहज निघते. टेबल नाही म्हणाले तर काउंटरवरच्या दोन खुर्च्या विचारा; समोर चाललेला स्वयंपाक बघत जेवण्याची मजा दोघांनाच नीट घेता येते.

संध्याकाळ: पेय आणि हलकं खाणं

मद्य घेणार असाल तर ग्लास मोजून काही कळत नाही, ग्रॅम मोजा. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा: एवढे ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १२ टक्क्यांची १५० मिलिलिटर वाइन म्हणजे साधारण १४ ग्रॅम. ५ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर २० ग्रॅम. कॉकटेलमध्ये ४० टक्क्यांचं मद्य बऱ्याचदा ५० ते ६० मिलिलिटर असतं, म्हणजे १६ ते १९ ग्रॅम, आणि गोड असल्यामुळे ते जाणवत नाही. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच जिरवतं. कॉफीने किंवा गार पाण्याने हा वेग वाढत नाही. बऱ्याच प्रकारांची चव घ्यायची असेल तर चार छोट्या ग्लासांचा नमुना-ट्रे दोघांत एक घ्या. १०० मिलिलिटरचे चार ग्लास, ५ टक्क्यांची बिअर, तर दोघांना मिळून १६ ग्रॅम होतात.

गारठ्यात ‘अंग गरम होईल’ म्हणून पिणं चुकीचं आहे. मद्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, त्यामुळे ऊब जाणवते, पण शरीराची उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. ओल्या कपड्यांत रस्त्यावर उतरायच्या आधी तर नकोच. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, सोबत काही तरी खाणं, आणि भाड्याची गाडी असेल तर चालवणाऱ्याने एक थेंबही नाही. एक जण पीत नसेल तर त्याच्यासाठी मुद्दाम ठिकाण निवडा: जिथे मसाल्याचा गरम सफरचंदरस, ताज्या फळांची पेयं, चांगला चहा मिळतो. समोरचा रंगीत ग्लास बघत सोडा पीत बसायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

झड थांबलीच नाही तर: खोलीतली मेजवानी

दोघांना २५० ग्रॅम ताजा पाव, दोन प्रकारचं मिळून १५० ग्रॅम चीज, दोन फळं, मूठभर ऑलिव्ह किंवा लोणच्याचा प्रकार, ५० ग्रॅम सुकामेवा, एक चॉकलेट एवढं पुरे. चीज खायच्या अर्धा-पाऊण तास आधी फ्रिजमधून काढा. थंड चीजला वास नसतो आणि वासाशिवाय चव नसते. पाव आणि चीज दुकानातच कापून घ्या, कारण विमानाच्या हातातल्या सामानात सुरी चालत नसल्यामुळे ती तुमच्याकडे बहुधा नसणार. वाइन घेतलीत तर फिरकीच्या झाकणाची. खोलीतल्या किटलीत पाण्याशिवाय काही उकळू नका, मासळी आणू नका, आणि उरलेलं पिशवीत गाठ मारून बाहेर ठेवा. हॉटेलात बाहेरचं खाणं चालतं का, हे आधी स्वागतकक्षात विचारून घ्या.

परत येताना

शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते जेवायला बसण्याआधी बघा. सर कोसळत असताना टॅक्सी मागवली तर भाडं चढलेलं असतं आणि गाडी येत नाही. जोरदार सर सहसा अर्ध्या तासात ओसरते, तोवर एक चहा सांगा. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर ते ओलांडू नका. पंधरा सेंटिमीटर वाहतं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं, आणि खाली उघडं गटार आहे का ते दिसत नाही.

खोलीवर आल्यावर बुटातला कागद पुन्हा एकदा बदला आणि दोन्ही छत्र्या बाथरूममध्ये उघडून ठेवा. मिटलेल्या ओल्या छत्रीला सकाळपर्यंत कुबट वास येतो, आणि रोजच तशी ठेवली तर काड्यांना गंज चढतो.